छोटी मोटरसायकल: घेण्याआधी, घेतल्यावर आणि चढावर

माझी उंची ५ फूट १ इंच. मोटरसायकल शिकायची ठरवलं तेव्हा भेटेल तो एकच सांगायचा, "घेतेसच तर मोठी घे, लहान गाडीचा दोन महिन्यांत कंटाळा येतो." मी ऐकलं. ३५० सीसीची, १९० किलोच्या आसपासची गाडी घेतली आणि पहिल्याच आठवड्यात ती माझ्यासकट आडवी झाली. चालवताना नाही. उतारावर लावलेली गाडी मागे ओढून काढत होते, एक पाय घसरला, तोल गेला आणि १९० किलो कुठे जायचे तिथे गेले. गाडी उचलायला दोन माणसं लागली.

वर्षभरात ती विकली आणि १०० सीसीची घेतली, पुढे १२५ सीसीची. या छोट्या गाड्यांवर मी खूप खूश आहे. पण त्यांच्यावर मी घाबरलेही आहे आणि ती भीती टाळता आली असती. नव्याने छोटी मोटरसायकल घेणाऱ्यांसाठी म्हणून हे लिहितेय. छोटी म्हणजे साधारण ५० ते १५० सीसी, त्यातही मुख्यतः १०० आणि १२५.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. मोठ्या गाडीत ताकद शिल्लक असते. चूक झाली, अंदाज चुकला, तरी मूठ पिळली की निघून जाता येतं. छोट्या गाडीत ही शिल्लक इंजिनात नसते. ती तुम्हाला आधीच बाजूला काढून ठेवावी लागते: थोडं जास्त अंतर, थोडा जास्त वेळ, एक गिअर खाली.

१. आठवडाभराचे रस्ते कागदावर मांडा

शोरूमला जायच्या आधी हे करा. एक आठवडा कुठे कुठे गेलात ते लिहा. प्रत्येक फेरीपुढे चार गोष्टी: किती किलोमीटर, त्या रस्त्यावर बाकीची वाहनं किती वेगाने जातात, चढ आहे का, मागे कोणी बसतं का.

तिसरी-चौथी फेरी लिहीपर्यंतच उत्तर दिसायला लागतं. बहुतेक रस्ते ६० किलोमीटरच्या आतल्या वेगाचे असतील तर छोटी गाडी नुसती पुरत नाही, मजा आणते. रोज अर्धा तास ८० आणि त्याच्या वर पळणाऱ्या वाहनांत घालवायचा असेल तर थांबा. तिथे अडचण तुमच्या वेगाची नसते, मागून येणाऱ्यांच्या वेगाची असते. तुम्ही पूर्ण मूठ पिळून ७५ वर असता आणि आरशातला ट्रक मोठा मोठा होत जातो.

कायदाही बघा. जपानमध्ये १२५ सीसी आणि त्याखालच्या दुचाकींना द्रुतगती मार्गांवर बंदी आहे. युरोपीय संघात ए१ परवान्यावर १२५ सीसी, ११ किलोवॅट आणि दर किलो वजनामागे ०.१ किलोवॅट एवढीच मर्यादा आहे. तुम्ही राहता तिथे कोणत्या रस्त्याला कोणती गाडी चालत नाही, ते घेण्याआधी माहीत हवं.

सापळा: वर्षातून दोनदा होणाऱ्या सहलीसाठी रोजची गाडी निवडणं. मी नेमकं हेच केलं होतं.

२. आकडे वाचायला शिका (सीसी सोडून)

सगळे सीसी विचारतात. सीसी म्हणजे सिलिंडरचं घन सेंटिमीटरमधलं आकारमान, ताकद नव्हे. यामाहाच्या टू-स्ट्रोक (इंजिनाच्या दर फेरीला पेट्रोल जाळणाऱ्या) आरएक्स १०० चं इंजिन ९८ सीसीचं आणि ताकद सुमारे ११ हॉर्सपॉवर. जवळपास तेवढ्याच सीसीच्या आजच्या फोर-स्ट्रोक (दोन फेऱ्यांत एकदा जाळणाऱ्या) रोजच्या वापराच्या गाड्या साधारण ८ हॉर्सपॉवर देतात. तेव्हा हॉर्सपॉवर बघा आणि तो आकडा वजनाशेजारी ठेवा.

८ हॉर्सपॉवर म्हणजे किती, हे कळायला एक ढोबळ हिशेब. गाडी आणि चालवणारा मिळून २०० किलो, सपाट रस्ता, वारा नाही, ताठ बसलेला माणूस. ६० च्या वेगाला चाकावर साधारण ३ हॉर्सपॉवर लागतात. ८० ला साडेसहा. १०० ला १२. वेग दुपटीहून कमी वाढला, ताकद मात्र चौपट लागली, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो ढकलायची ताकद घनाने. म्हणूनच १०० सीसीची गाडी ६० ला निवांत गुणगुणते आणि ८० च्या पुढे ओरडायला लागते. गाडी खराब नसते. हवा जड होते.

या हिशेबात छोट्या गाडीची सगळी गोडीही आहे. रोजच्या वेगाला मुळात ३-४ हॉर्सपॉवर लागतात, बाकीचं वजन आणि पेट्रोल कशाला वाहायचं? होंडाने १९५८ साली सुपर कब आणली, तिचं इंजिन ४९ सीसीचं आणि ताकद फक्त साडेचार हॉर्सपॉवर होती. क्लचची दांडीच नव्हती. डिलिव्हरीवाल्या पोऱ्याला एका हातात जेवणाचे डबे धरून दुसऱ्या हाताने चालवता यावी, असा विचार तिच्यामागे होता. २०१७ साली या मालिकेच्या गाड्यांची संख्या १० कोटींवर गेली. जगात इतक्या संख्येने दुसरी कुठली मोटारगाडीही बनलेली नाही.

आणखी तीन आकडे बघा. वजन: ११०-१२० किलोची गाडी बहुतेकांना एकट्याने उभी करता येते. सीटची उंची: बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे नीट टेकले पाहिजेत, एक तरी टाच टेकली तर उत्तम. चाकाचा व्यास: याकडे कोणी बघत नाही. होंडाच्या ग्रोमसारख्या १२ इंची चाकांच्या गाड्या दिसायला गोड आणि गल्लीत भलत्याच चपळ. पण १७-१८ इंची चाक ज्या खड्ड्यावरून जातं, त्यात १२ इंची चाक उतरतं. रस्ते खराब असतील तर मोठं चाक घ्या.

३. कागद आणि सामान

कागद:
- ज्या वर्गाची गाडी त्याच वर्गाचा परवाना. बिनगिअरचा परवाना गिअरच्या गाडीला चालेल असं धरून चालू नका.
- नोंदणीची कागदपत्रं. जुनी गाडी असेल तर त्यावरचा इंजिन आणि चॅसिस नंबर गाडीवरच्या नंबरशी स्वतः ताडून बघा.
- विमा. निदान समोरच्याच्या नुकसानीचा तरी हवाच. आधीच्या मालकाचा विमा आपोआप तुमचा होतो असं समजू नका.
- प्रदूषण किंवा तांत्रिक तपासणीचा दाखला, जिथे लागतो तिथे.

सामान:
- हेल्मेट. आख्खा चेहरा झाकणारं, मान्यताप्राप्त खूण असलेलं. हनुवटीचा पट्टा बांधून मागून पुढे ढकलून बघा. डोक्यावरून निघालं तर माप चुकलंय.
- हातमोजे, घोट्यावर येणारे बूट, कोपर-खांद्याला पॅड असलेलं जॅकेट.
- टायरची हवा मोजायचा गेज, चेनचं ल्युब, गाडीसोबत आलेले पाने, एक जास्तीचा स्पार्क प्लग आणि प्लग खोलायचा पाना.

"छोटीच तर गाडी आहे, जॅकेट कशाला?" हे मीही म्हटलंय. डांबराला सीसी कळत नाही. ५० च्या वेगाने घसरलं की तळहात पहिले सोलतात, कारण पडताना माणूस हात पुढे करतोच. या सामानाचा खर्च गाडीच्या बजेटमध्येच धरा.

४. जुनी गाडी बघायला जाताना

शिकण्यासाठी जुनी गाडी चांगली, पडली तरी जीव हळहळत नाही. मालकाला आधीच सांगून ठेवा, "मी यायच्या आधी गाडी चालू करू नका." पोचल्यावर पहिल्यांदा इंजिनाला हात लावा. गरम लागलं तर गाडी थंड असताना सुरू व्हायला त्रास देते आणि मालकाला ते माहीत आहे, अशी शंका घ्यायला हरकत नाही.

सुरू केल्यावर सायलेन्सरकडे बघा. थंडीत थोडी वाफ चालते. फोर-स्ट्रोक गाडीतून निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑईल जाळतंय. टू-स्ट्रोकमध्ये थोडा निळा धूर असतोच, तिथे हा नियम लावू नका.

मग खाली वाका. मागच्या स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चाकाचे, दात बघा. नव्या दाताच्या दोन्ही कडा सारख्या असतात. झिजलेला दात एका बाजूला झुकलेला, आकड्यासारखा दिसतो. चेन स्प्रॉकेटच्या सगळ्यात मागच्या टोकाला चिमटीत धरून मागे ओढा. अर्धा दात उघडा पडला तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट बदलायला झालेत, भाव करताना ते बोला. मेन स्टँडवर गाडी घेऊन पुढचं चाक उचला आणि हँडल सावकाश डावी-उजवीकडे फिरवा. मधोमध खट्‌कन अडकल्यासारखं झालं तर हँडलचे बेअरिंग गेलेत, कदाचित गाडी समोरून आपटलेली आहे.

सापळा: आधीच्या मालकाने "पॉवर वाढवून घेतलेली" गाडी. सिलिंडर बोअर केलेला, म्हणजे आतून कोरून मोठा केलेला, सायलेन्सर मोकळा केलेला, मागे जाड टायर. नवशिक्याने अशा गाडीच्या वाटेलाच जाऊ नये. जाड टायर म्हणजे जास्त वजन आणि वळायला आळस, आधीच तुटपुंजी ताकद त्यातच जाते.

५. पहिले १५ दिवस: गिअरशी ओळख

मोठ्या गाडीवरून आलेल्यांची आणि मायलेजच्या गोष्टी ऐकून आलेल्यांची चूक एकच: लवकर वरचा गिअर टाकणं. ३० च्या वेगाला चौथा टाकला की इंजिन ढुकढुकतं, सगळी गाडी थरथरते आणि मूठ पिळली तरी काही होत नाही. छोट्या इंजिनाची ताकद वरच्या फेऱ्यांमध्ये असते. ते थोडं फिरू द्या. आवाज वाढला म्हणून घाबरू नका. तो आवाज कामाचा आहे, कण्हण्याचा नाही. हा फरक कानाला आठवडाभरात कळतो. नवी गाडी असेल तर पहिले काही शे किलोमीटर पुस्तिकेत दिलेली मर्यादा मात्र पाळा.

चढाचा नियम पाठच करा: गिअर चढाच्या आधी पाडायचा, चढावर नाही. चढ लागल्यावर वेग पडू लागतो, मग आपण गिअर पाडायला क्लच दाबतो, त्या अर्ध्या सेकंदात वेग आणखी पडतो, आणि आता एक नाही तर दोन गिअर पाडायला लागतात. मागचा हॉर्न वाजवत असतो तो वेगळाच.

मोकळी जागा शोधा आणि तीन गोष्टी घोटा: हाफ क्लचवर (क्लच अर्धाच सोडून) पायी चालण्याच्या वेगाने इंग्रजी आठ काढणं, चढावर मागचा ब्रेक धरून गाडी मागे न घसरता निघणं, आणि वेग कमी करताना एकेक गिअर मोजत खाली येणं. छोटी गाडी या शिकवणीसाठी अतिशय उदार आहे. क्लच हलका, वजन कमी, चूक झाली तर बंद पडते आणि गप्प उभी राहते.

६. ब्रेक

सायकलवरून आलेल्या बहुतेकांना पुढच्या ब्रेकची भीती असते, "गाडी उलटते" म्हणून. भीती काढून टाका. ब्रेक लागला की बराचसा भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळे थांबवण्याचं मुख्य काम तेच करू शकतं. मागचा एकटा जोरात दाबला तर चाक लॉक होऊन गाडी शेपूट हलवते. दोन्ही एकत्र, पुढचा आधी हलका आणि मग पिळत नेल्यासारखा घट्ट. झटक्याने ओढायचा नाही. वळणात गाडी झुकलेली असताना, वाळूवर किंवा ओल्या पांढऱ्या पट्ट्यांवर पुढच्याला जपून हात लावायचा.

अनेक छोट्या गाड्यांना दोन्हीकडे ड्रम ब्रेक असतात. ते पुरतात. पण लांब उतारावर सतत धरून ठेवले तर तापतात आणि मऊ पडतात. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात साधारण त्याच गिअरमध्ये उतरा, इंजिनालाच गाडी धरू द्या. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून सोडणारे महाभाग भेटतील. त्यांचं ऐकू नका.

७. ओव्हरटेक

हा भाग लांबणार आहे, कारण छोट्या गाडीची खरी हद्द इथे लागते.

माझा प्रसंग सांगते. १०० सीसीची गाडी, मागे धाकटा भाऊ, दोघांच्या पाठीवर सॅक, समोर ४५-५० ने चाललेला मालट्रक. रस्ता मोकळा दिसला, मी बाहेर काढली. ट्रकच्या मागे असताना वारा लागत नव्हता, गाडी छान ओढत होती. ट्रकच्या केबिनपाशी पोचले आणि समोरचा वारा भिंतीसारखा आला. रस्त्यालाही किंचित चढ होता, तो मला मागून दिसलाच नव्हता. मूठ पूर्ण पिळलेली, काटा ६० वरून ५७ वर. ट्रकवाल्याच्या पुढच्या चाकाच्या नटांवर लावलेला पिवळा रंग मला अजून आठवतो, इतका वेळ मी त्याच्या शेजारी होते. समोरून जीप आली. मी ब्रेक लावून परत ट्रकच्या मागे शिरले. भाऊ अर्धा तास बोलला नाही.

घरी येऊन कागदावर मांडलं. तुम्हीही बघा. ट्रक १२ मीटर लांब. मागे १० मीटर अंतर, पुढे गेल्यावर १५-१८ मीटर अंतर ठेवून परत आत यायचं. म्हणजे ट्रकपेक्षा ४० मीटर जास्त कापायचे. ट्रक ५० ला, तुम्ही ६५ ला, तर फरक १५ किलोमीटरचा, सेकंदाला जेमतेम ४ मीटर. लागले ९ ते १० सेकंद. तेवढ्यात तुम्ही सुमारे १७५ मीटर पुढे जाता आणि समोरून ७० ने येणारी गाडी १८५ मीटर जवळ येते. एकूण ३६० मीटर रस्ता मोकळा हवा. मोठ्या गाडीने तोच ट्रक ८५ ने ओलांडला तर ४ सेकंद आणि साधारण १८० मीटर पुरतात. निम्मे.

यावरून मी पाळते ते नियम:

- बाहेर काढायच्या आधीच वेग हवा. ट्रकला चिकटून राहून मग मूठ पिळायची नाही. थोडं मागे राहा, जागा दिसू लागली की मागूनच वेग धरत या. रस्ता मोकळा असला तर बाहेर, नसला तर मूठ सोडायची.
- आधी एक गिअर खाली. चौथ्यात ५५ वर असाल तर तिसरा टाकून बघा, फरक लगेच कळेल.
- चढावर, वळणापाशी, पुलावर नाही. समोरून वारा असेल तर सपाटीवरही नाही.
- मागे फिरायची वाट मोकळी ठेवा. तुमच्या मागे दुसरं वाहन चिकटून बाहेर आलं असेल तर परत आत शिरायला जागा उरत नाही.
- मनात शंका आली की उत्तर 'नाही'. ट्रकच्या मागे पाच मिनिटं गेली तर गेली.

तुम्हालाही मागून लोक ओलांडणार आहेत. अगदी कडेला दबून चालू नका. कडेला खडी, काचा असतात आणि मागच्या चालकाला वाटतं की त्याच लेनमधून निघून जाता येईल. लेनचे मनात तीन उभे भाग करा आणि डाव्या-उजव्या भागांपैकी जिथून तुम्ही आरशांत आणि समोरच्याला नीट दिसता ती जागा धरा. जड वाहन शेजारून गेलं की हलकी गाडी आधी ढकलली जाते, मग ओढली जाते. टाकी गुडघ्यांनी धरा आणि हात सैल सोडा. हात आवळले तर गाडी जास्त डुलते.

८. डबलसीट

वरच्याच हिशेबाने बघू. १० टक्के चढ, म्हणजे १० मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. एकट्याने तिथे ६० चा वेग धरायला साधारण साडेसात हॉर्सपॉवर लागतात. ८ ची गाडी, म्हणजे जेमतेम. आता मागे ७० किलोचा माणूस बसवा: साडेनऊ लागतात. ते इंजिनात नाहीतच. गाडी ४०-४५ वर येऊन तिथे टिकेल. तिला दोष देऊ नका आणि रागाने मूठ पिळूनही ठेवू नका, गिअर पाडा आणि डावीकडून शांत चढा.

मागच्या टायरची हवा वाढवा. किती, ते चेन कव्हरच्या किंवा स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) स्टिकरवर लिहिलेलं असतं, एकट्यासाठी आणि दोघांसाठी वेगळे आकडे. मागचा शॉकअप फिरवून कडक करता येतो, तोही एक-दोन खाचा वर घ्या. मागच्याला दोनच गोष्टी सांगा: वळणात माझ्याच बाजूला झुक आणि थांबल्यावर मला विचारल्याशिवाय उतरू नकोस. हलक्या गाडीवर ७० किलो अचानक एका बाजूला उतरले की तोल सावरणं कठीण जातं.

९. लांबचा पल्ला

होतो. मी एका दिवसात २५० किलोमीटर केलेत, आणि त्याहून जास्त करणारी मंडळी आहेत. फक्त मोठ्या गाडीच्या हिशेबाने करायचा नाही. सरासरी ४० धरा. सिंगल सिलिंडरचा थरथराट तासाभराने तळहातात शिरतो, बोटं बधिर होतात, म्हणून दर सव्वा-दीड तासाला उतरायचं. महामार्गाऐवजी जुना, आतला रस्ता निवडा. तिथेच या गाडीला मान आहे: १०० ते १२५ सीसीच्या गाड्या सांभाळून चालवल्या तर लिटरला ५०-६० किलोमीटर देतात, अरुंद रस्त्यावर सहज वळवता येतात आणि वाट चुकली तर उचलून फिरवता येतात, म्हणजे जवळजवळ.

अंधारात मात्र नको. जुन्या छोट्या गाड्यांचा हेडलाइट थेट इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो. वेग कमी केला की उजेडही मंदावतो, नेमका वळणावर. नव्या एलईडी गाड्यांत हा त्रास नाही, तरी उजेडाचा पल्ला कमीच. जेवढं दिसतं तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग.

१०. आठवड्याची १० मिनिटं

ऑईल आधी. छोट्या इंजिनात ते जेमतेम १ लिटर असतं, कधी त्याहून कमी. २०० मिली कमी झालं म्हणजे पाचवा हिस्सा गेला. गाडी सपाटीला मेन स्टँडवर सरळ उभी करून डिपस्टिक बघा. साईड स्टँडवर बघितलेला आकडा खोटा असतो.

मग चेन. मधोमध बोटाने वर-खाली करून बघा, बहुतेक गाड्यांत २० ते ३० मिलिमीटरची ढील चालते. नेमका आकडा पुस्तिकेत. "घट्ट केली म्हणजे चांगली" हा गैरसमज आहे, फार ताणलेली चेन बेअरिंग खाते. टायरची हवा टायर थंड असताना. ब्रेक, क्लच आणि मुठीच्या वायरची मोकळी हालचाल. दिवे. झालं.

गरम इंजिनावर पाणी ओतून गाडी धुऊ नका.

११. मोठी गाडी कधी?

छोटीचा कंटाळा आला म्हणून नाही. रस्ते बदलले की. नोकरी बदलली आणि रोज ४० किलोमीटर महामार्ग आला, मागे नेहमी कोणीतरी बसू लागलं, किंवा आठवड्यात तीन-चारदा "आत्ता थोडी ताकद हवी होती" असं वाटू लागलं, तर कागद पुन्हा काढा आणि पायरी १ पासून सुरू करा. थेट ५०० वर उडी मारायची गरज नाही. १५०-२०० सीसीच्या गाड्या १३०-१५० किलोत येतात आणि ताकद दीडपट-दुप्पट असते.

जमलं तर छोटी विकू नका. आणि नवी बघायला जाल तेव्हा टेस्ट राइडच्या आधी, इंजिन बंद ठेवून, ती उतारावरून मागे ओढून बघा.